दुपारची तिथी

तक्रार क्रमांक ४१२ तीन वेळा बंद करण्यात आली आणि तिन्ही वेळा भोईवाड्यातून पुन्हा उघडण्यात आली. तक्रार एका ओळीची होती : ‘तुमची तारीख चुकली. परबांकडे पान एक दिवस उशिरा वाढलं.’ खाली नाव होतं मीराबाई नाईकधुरे. टाइप करून दिलं होतं त्यांच्या नातीने, अपेक्षाने.

‘नेमतिथी’ हे फोनवरचं मोफत पंचांग. त्याला मालक नाही. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला आहे, कोणीही उघडून पाहावा, कोणीही सुधारावा. सहा वर्षांपूर्वी ते दोघांनी सुरू केलं, ठाकूरद्वारची मधुरा विजयकर आणि दादरचा अजित सामंत. ती विमा कंपनीत होती, तो बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. आता सोळा स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी त्यावर काम करत. नवी आवृत्ती बाहेर काढायला मधुरा आणि अजित या दोघांचीही संमती लागे. हा नियम त्यांनीच केला होता आणि आजवर तो कधी आड आला नव्हता.

त्या वर्षी गणेश चतुर्थीला मोठी आवृत्ती यायची होती. तिच्यात पत्रिका जुळवण्याची सोय असणार होती. अजितने तसं महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं.

४१२ बंद करताना पहिल्या दोन्ही वेळी अजितने लिहिलं होतं, ‘चूक नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळते.’ तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, ‘इथे सगळे विनामोबदला काम करतात. प्रकल्प सर्वांचा आहे. चूक वाटत असेल तर आपण स्वतः दुरुस्त करू शकता.’

असं उत्तर मिळालेला माणूस सहसा परत येत नाही. मीराबाई आल्या. चतुर्थीला तीन आठवडे उरले होते. दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारची बैठक भरली होती, तिथे त्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर अपेक्षा होती. काखेत शंभर पानी वही.

“अजित कोण?”

अजितने हात वर केला.

“तूच लिवलंस ना, स्वतः दुरुस्त करा म्हणून? आलंय.”

कोणीतरी खुर्ची पुढे केली. मीराबाईंनी बसण्याआधी आपलं काम सांगितलं. एकतीस वर्षं त्या भोईवाडा, परळ, लालबाग इथल्या घरांत श्राद्धाचा स्वयंपाक करत होत्या. पूर्वी तारीख भटजी सांगत. आता भटजी बदलापूरहून येतात, ऐन वेळेला. त्यामुळे तारीख लोक मीराबाईंना विचारतात आणि मीराबाई अपेक्षाच्या फोनात बघून सांगतात. आषाढात त्यांनी रघु परबला त्याच्या वडिलांची तारीख अशीच सांगितली. जेवणं झाल्यावर गावाहून आलेल्या मामांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, श्राद्ध कालच होतं.

“रघु काय बोलला?” मधुराने विचारलं.

“काय बोलतलो? काय नाय बोललो. पण मला चहा विचारला नाही. एकतीस वर्षांत त्या घरातून मी चहाशिवाय निघाले नव्हते.” मीराबाई बसल्या. “आता पंधरवडा येतोय. पंधरा दिवस, चाळीस घरं. सगळी मला विचारतात. मी काय सांगू?”

अजितने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “मावशी, हे बघा. कॅलेंडरमध्ये त्या दिवशी जी तिथी, तीच आमच्याकडे. एक मिनिटाचा फरक नाही.”

“कॅलेंडरात सकाळची तिथी असते रे. पितर काय नाश्त्याला येतात?”

मागे दोघं-तिघं हसले.

“पान दुपारी वाढतात. दुपारी जी तिथी असेल ती धरायची. परबांची तिथी लागली सकाळी दहाला आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला संपली. मग दुपार कुठली मिळाली तिला? पहिलीच ना? तुमच्या फोनाने दुसरी सांगितली.”

मधुराने आकडे तपासले. बाई म्हणत होत्या ते बरोबर होतं. सहा वर्षांत नेमतिथीची प्रत्येक तारीख तिने आणि अजितने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली होती आणि प्रत्येक तारीख जुळली होती. त्यामुळे शंका घ्यावी असं कोणालाही वाटलं नव्हतं. श्राद्धाच्या तारखेची सोय मधुराने स्वतः लिहिली होती.

“वर्षातून मोजके दिवस असं होत असेल,” अजित म्हणाला. “आणि मावशी, चुकलंच एखादं, तर सर्वपित्री अमावास्येला करता येतं ना?”

“सर्वपित्री ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी. परबांच्या बापाची तिथी अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. गिरणीच्या दारात पडला होता तो.” त्यांनी वही टेबलावर ठेवली. “ह्यात चाळीस घरं आहेत. गेल्या दोन वर्षांच्या तारखा. एकेक तारीख जाणत्या माणसाला विचारून लिवलीय. तुमचा फोन ह्याच्याशी जुळवा.”

“वही ठेवून जाल, मावशी?” मधुराने विचारलं.

“नाय गो बाय. फोटो काढ. माका कामाक लागता ती.”

मधुराने फोटो काढले. “घरांची आडनावं आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिली तर चालेल? जगात कोणालाही दिसतील.”

“घरांना विचारून सांगते. मेलेल्यांना तर काय लाजायचं नाय.”

त्या गेल्यावर अजितने दार लावून घेतलं.

“पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. दिवाळीला.”

“पितृपक्ष दिवाळीच्या आधी असतो, अजित.”

“मला माहितीये. ऐक ना, सोळा जण आहेत. बारा जण जुळवणीसाठी आलेत. बग काढायला कोण येतं? मागच्या वर्षी आपण नुसती दुरुस्ती केली, तेव्हा किती उरलो होतो?”

“चार.”

“चार! नवं काही नसेल तर माणसं येत नाहीत, माणसं नसतील तर तुझे बग कोण काढणार? एवढं साधं आहे.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मधुराने ते खोडलंही नाही.

“चारशे बारा बंद होईपर्यंत जुळवणीला माझी संमती नाही,” ती म्हणाली.

“ही दादागिरी आहे.”

“नियम आहे. तुझी सही आहे त्यावर.”

“मी जाहीर केलंय, यार. लोक वाट बघतायत.”

“चाळीस घरंही बघतायत. त्यांना आपण काही जाहीर केलं नव्हतं, तरी ती आपल्यावर विसंबली.”

पुढचे दोन आठवडे मधुरा ऑफिसला जाण्याआधी दीड तास बसत होती. भोईवाड्यातून होकार आला तशी तिने वहीतल्या चाळीस घरांची एकेक तपासणी लिहिली. प्रोग्रॅममध्ये कोणीही काहीही बदललं की तो आधी ही चाळीस घरं तपासून पाहणार, एक जरी तारीख चुकली तर तिथेच अडणार. प्रत्येक तपासणीला घराचं आडनाव दिलं. परब, घाडी, तावडे, मेस्त्री. चौघं जण तिच्या बाजूने राहिले. बाकीच्यांनी गटात लिहिणं बंद केलं.

चतुर्थीच्या आदल्या रविवारी एकोणचाळीस तारखा जुळल्या. मेस्त्रींची जुळेना. त्यांची तिथी दोन्ही दुपारी थोडी थोडी येत होती.

“चाळीसात एकोणचाळीस,” अजित म्हणाला. “कुठल्याही परीक्षेत हा पहिला नंबर आहे. बंद कर आता.”

“मेस्त्रींना फोन करून तू सांग, पहिला नंबर आलाय म्हणून.”

“तू हट्टाला पेटलीयेस.”

“हो.”

अजितने लॅपटॉप बॅगेत टाकला. “तुझ्या आवृत्तीला माझी संमती धर. मी वेगळी प्रत काढतो. प्रोग्रॅम खुला आहे, मला कोणी अडवू शकत नाही.”

“कोणी अडवत नाहीये,” मधुरा म्हणाली.

त्याच्या मागोमाग नऊ जण गेले. मधुराने मीराबाईंना फोन लावला. मीराबाई म्हणाल्या, दोन्ही दुपारी असेल तर ज्या दुपारी जास्त, तो दिवस. हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. मंगळवारी चाळीसही तारखा जुळल्या.

चतुर्थीला दोन पंचांगं बाहेर आली. अजितच्या प्रतीत पत्रिका जुळत होती. गौरी जेवल्या त्या दिवसापर्यंत ती अकरा हजार लोकांनी घेतली. नेमतिथीच्या आवृत्तीखाली मधुराने दोन वाक्यं लिहिली : ‘श्राद्धाच्या तारखा सहा वर्षं चुकत होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत. या आवृत्तीत नवीन काहीही नाही.’ ती दोनशे सहा जणांनी घेतली. ‘जुळवणी कुठे आहे’ अशा एकतीस तक्रारी आल्या. मधुराने प्रत्येकीला उत्तर दिलं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी अजितचा मेसेज आला. त्याच्या प्रतीवर श्राद्धाच्या तारखेच्या सहा तक्रारी होत्या, त्यातली एक त्याच्या सख्ख्या काकूची. ‘तुझी दुरुस्ती घेऊ का?’

‘घे. विचारायची गरज नाही.’

पाऊण तासाने पुन्हा : ‘जुळवणीसाठी मी मूळ गणित बदललंय. तुझ्या तपासण्यांत पाच घरं नापास होतायत. तेवढी गाळली तर?’

मधुराने लिहिलं, ‘मी अडवू शकत नाही. गाळलेल्या घरांची आडनावं मात्र तुझ्या पहिल्या पानावर लिही.’

तिसऱ्या दिवशी अजितच्या प्रतीतून पत्रिका जुळवणी ‘काही काळ बंद’ झाली आणि चाळीसही घरं पास झाली.

पंधरवडा सुरू झाला तेव्हा मीराबाई रघु परबच्या दारात गेल्या. आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी तारीख सांगितली आणि आषाढातली चूक आपल्या तोंडून गेली होती हेही सांगितलं.

रघु उंबऱ्यापर्यंत आला. “मीराबाई, राग नको. मी मामांना विचारून घेतो.”

“विचार की. आजच विचार. आणि तारीख चुकली म्हणाले तर लगेच कळव. रविवारी मी परत दादरला जाईन.”