तांदळाच्या डब्यातली बाटली

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे, मित्रांनो. माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात इवल्याइवल्या गोळ्या भरून मला पिंपरीच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानात मांडले. तिथून ओंकारने मला चऱ्होलीला आपल्या घरी आणले.

गोळ्या त्याच्या बायकोसाठी, तनुजासाठी होत्या. ती तळवड्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. बिचारीचा चेहरा सुजायचा, केस गळायचे, भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजायची. शेजारच्या यशोदाबाई तर म्हणायच्या, "सून शिकलेली हाय, पण अंगात आळस लई!" रक्त तपासले तेव्हा कळले, की तो आळस नव्हताच. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली, की मेंदू तिला हाका मारू लागतो. त्या हाका म्हणजे रिपोर्टमधला टीएसएच. तनुजाचा आकडा खूप चढला होता.

मग माझे सुखाचे दिवस आले. रोज सकाळी उपाशीपोटी ती एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला अर्धा तास थांबायची. हळूहळू तिचा चेहरा उजळला. तिची सासू गोजाबाई माझ्यावर टिचकी मारून म्हणायची, "गुणाची हाय गं ही बाटली!" मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे रिपोर्ट नॉर्मल आला आणि पाठोपाठ तनुजाला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. त्या आनंदातच घात झाला.

गोजाबाई म्हणाली, "रिपोट चांगला आलाय न्हवं? मग पोटुशी बाईनं गोळ्या कशाला खायच्या? गरम पडत्यात त्या."

"पण आत्या, डॉक्टरांना विचारायला हवं," तनुजा चाचरत म्हणाली.

"नॉर्मल आहे म्हणजे झालं ना," ओंकार म्हणाला. "पुढच्या वेळी विचारू."

गोजाबाईने मला तांदळाच्या डब्यात खोल पुरले. तिच्या मनात काडीचेही वाईट नव्हते, म्हणूनच तिच्यावर रागावता येत नाही. डब्याशेजारी बसून ती बाळासाठी मनगट्या ओवायची, काळे मणी आणि मध्ये चांदीचा एकेक. ओवताना गुणगुणायची. तनुजा पुन्हा थकू लागली, तर सगळे म्हणाले, दिवस गेलेत, थकवा यायचाच. मी तांदळात तडफडत होते. औषध माझ्या पोटात होते आणि मला तोंड उघडता येत नव्हते.

एका दुपारी तनुजाच्या पोटात कळा आल्या. तिला दवाखान्यात नेले. घरी आली ती रिकाम्या कुशीनेच.

रक्ताच्या नव्या तपासणीत आकडा पुन्हा चढलेला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "गोळी चालू होती म्हणून रिपोर्ट नॉर्मल होता. गरोदरपणात तर ती बहुतेकदा वाढवावी लागते. बाळ त्यामुळेच गेलं, असं मी म्हणणार नाही. पण गोळी थांबवायला नको होती."

त्या संध्याकाळी गोजाबाईचा हात तांदळात शिरला. मला बाहेर काढून तिने छातीशी धरले. "त्यामुळंच गेलं म्हनल्या असत्या, तर रडून मोकळी झाले असते गं," ती म्हणाली. "आता जल्मभर इचारच करायचा."

"मीही ऐकलंच की, आत्या," तनुजा म्हणाली आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून रडली.

आता माझ्या गोळ्या संपल्या आहेत. फळीवर नवी बाटली उभी असते. गोजाबाई रोज स्वतः गोळी आणि पाणी हातात देते आणि चहाचे आधण उशिरा ठेवते. तपासणीच्या तारखेची आठवणही तीच करून देते.

मित्रांनो, रिपोर्ट चांगला आला, की औषधाचे काम संपले असे समजू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, आणि घरातल्या कुणाच्या मायेपोटीही सोडू नका. एवढेच माझे मागणे आहे.

मी रिकामी झाले, तरी गोजाबाईने मला फेकले नाही. धुऊन, उन्हात वाळवून तिने माझ्यात त्या मनगट्या ठेवल्या. मला कुणी हलवले, तर मणी थेट गोळ्यांसारखे वाजतात. म्हणून ती मला कुणाला हात लावू देत नाही.