केळं नको, पान चालेल

केळीचं हिरवं पान तापल्या तव्यावर टाकलं की आधी चर्र असा बारीक आवाज होतो, मग कडा काळवंडू लागतात आणि थोडा गोड, थोडा धुरकट, थोडा ओल्या मातीचा असा एक वास घरभर पसरतो. त्या वासाबरोबर मला अजूनही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आप्पा उभे दिसतात. आप्पा म्हणजे माझे सासरे. खांद्यावर पंचा, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात नुकतं धुतलेलं पान, त्यावरचं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं, आणि मागच्या दारातून आलेलं पौषातलं कोवळं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांत अडकलेलं. “सूनबाई, माल आला,” एवढंच म्हणायचे. एका पानाला माल म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वसईच्या पश्चिमेला आमच्या गावात त्यांनी जन्मभर केळी लावली. वाटण्या झाल्या, रस्ता रुंद झाला, चहूबाजूंनी इमारती उठल्या, आणि वाडीतली घरामागची एक अरुंद पट्टी तेवढी उरली. पण त्या पट्टीत शिरले की आप्पांची चाल बदलायची. घराच्या फरशीवर पाय ओढणारा हा वृद्ध तिथे सावध, हलका, जवळजवळ तरुण होऊन जाई. डोळे मिटून नुसत्या सालीवरून बोट फिरवून ते सांगत, ही राजेळी, ही वेलची, ही अजून चार दिवस. बोलणं कमी आणि हातांनी सांगणं जास्त, असा त्यांचा स्वभाव. आणि न्याहारी आयुष्यभर एकच: घरची दोन केळी आणि वर एक शहाळं.

नेमकं तेच बंद झालं. मूत्रपिंडं थकली आहेत, डायलिसिस जितकं लांबवता येईल तितकं लांबवू, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नको त्या पदार्थांची यादी सांगायला सुरुवात केली. केळं नको, शहाळं नको, खोबरं, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणे नकोत, डाळ अगदी बेताची, मीठ नावाला. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय चालता चालता थांबू शकतं, हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, कारण स्वयंपाक कोण करतं हे त्यांना विचारावं लागलं नाही. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे अख्खी वाडीच बंद की हो डॉक्टर!” म्हणाले आणि स्वतःच हसले. मला नाही हसू आलं.

तेव्हापासून माझ्या सकाळींना धार आली. नितीन, माझा नवरा, सहाच्या आत घराबाहेर पडतो. मला साडेसातला स्कूटरवरून वालीव गाठायचं असतं. तिथल्या एका छपाईच्या कारखान्यात मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते; एक अक्षर, एक टिंब चुकलं तरी अख्खा गठ्ठा परत. म्हणजे माझ्या हाती जेमतेम दीड तास, आणि त्या दीड तासात एका माणसाला जिवंत ठेवणारी न्याहारी. रोज तेच दिलं तर आप्पा ताटली सरकवून देत, आणि वेगळं करायचं तर यादी आडवी येई. पण मीही हट्टी! सोमवारी कांदा घालून तांदळाचं घावन. मंगळवारी पोहे, दाण्यांशिवाय, खोबऱ्याशिवाय, लिंबाचे चार थेंब पिळून. बुधवारी वेलची घातलेला शिरा. कधी शेवयांचा उपमा, त्यातला कोबी आदल्या संध्याकाळीच बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घातलेला, कारण भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी ओतून द्यायचं असतं. कधी साबुदाण्याची खिचडी, कुटाशिवाय. कुटाशिवाय खिचडी म्हणजे काय असते ते ज्याने खाल्ली त्यालाच कळेल.

पानगी मात्र त्यांची कल्पना. एका रविवारी बराच वेळ मागच्या दारात बसून वाडीकडे बघत होते. मग उठले, एक कोवळं पान कापून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. “केळं नको. पान तर चालेल ना?” मी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन करून विचारलं, त्या चालेल म्हणाल्या. तांदळाचं पीठ, जराशी साखर, पाण्यात सैलसर कालवून पानावर थापलं, वरून दुसरं पान, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलं. पान सोलून काढताना पानगीवर शिरांची नक्षी उमटलेली होती. आप्पांनी पहिला घास घ्यायच्या आधी ताटली नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. जे खायचं नाही त्याचा वास घेऊन माणूस इतका तृप्त होताना मला बघवेना. मी तव्याकडे तोंड फिरवलं.

बाकीचे सहा दिवस मात्र ते अर्धं टाकायचे. “अळणी आहे गं,” तक्रार नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. चोखंदळ जिभेच्या माणसाला चिमूटभर मिठावर ठेवणं किती निर्दय असतं ते रोज उरलेल्या ताटलीत मला दिसे. एका संध्याकाळी दुकानात मला कमी सोडियमच्या मिठाचं हिरवं पाकीट दिसलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, हृदयासाठी हितकर. मला अगदी घबाड मिळाल्यासारखं झालं. कमीच आहे म्हटल्यावर मी हात सैल सोडला. दुसऱ्या दिवशी पोह्यांचा घास घेऊन आप्पा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि ताटली पुसून खाल्ली. “आज चव आली हो!” त्या एका वाक्यावर मी वालीवपर्यंत गुणगुणत गेले.

पुढच्या महिन्याच्या रिपोर्टात पोटॅशियमचा आकडा वर चढलेला होता. डॉक्टरांनी त्याखाली पेनाने रेघ मारली, दोनदा. घरात काय चुकतंय ते शोधा, म्हणाले. आणि मी शोधलं, अगदी माझ्या कारखान्यातल्या शिस्तीने. मागच्या पडवीत पिकायला टांगलेल्या घडाकडे रोज सकाळी नजर टाकू लागले. रोज दोन केळी कमी होत होती. नितीन केळं खात नाही, मीही नाही. चौथ्या दिवशी आप्पांच्या खिडकीखाली, जास्वंदीच्या बुंध्याशी मला साली सापडल्या. कालच्याच, मातीत नीट दाबलेल्या.

मी उसळलेच. नितीन नुकताच निघत होता, शेजारच्या काकू गेटपाशी उभ्या होत्या, आणि मी त्या साली हातात घेऊन आप्पांपुढे उभी राहिले. “पहाटे उठून मी इथे जीव काढते आणि तुम्ही चोरून केळी खाता? तुम्हाला मरायचंय का आप्पा?” शब्द तोंडातून निघाले आणि परत घेता येईनात. आप्पांनी सालींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. मी त्या मौनाला कबुली समजले. त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने घड उतरवला आणि गावात वाटून टाकला. पडवीत नुसती दोरी लोंबत राहिली.

त्यानंतरच्या सकाळी नकोशा झाल्या. घरात फक्त भांड्यांचे आवाज. आप्पांचं उंबऱ्यात येणं थांबलं. ताटली समोर ठेवली तर चार घास खायचे, जणू उपकार फेडत होते. ते खात नाहीत म्हणून मी आणखी चव आणू पाहत होते, आणि चव म्हणजे काय, ते हिरवं पाकीट! केळी तर घरातून हद्दपार झाली, आता आकडा उतरणारच, अशी माझी खात्री. चैत्र लागला होता, वाडीतली पानं कडेने फाटून वाऱ्यावर फडफडत होती, आणि आप्पांची चाल तिथेही जड होऊ लागली होती. पायांत बळ नाही म्हणायचे. मला वाटलं, रुसवा.

रविवारी मीच नमतं घेतलं. “आप्पा, पान आणता? पानगी करते.” ते क्षणभर थांबले, मग कोयता घेऊन गेले. पीठ कालवून झालं, तवा तापला, तापून धुरावला, तरी आप्पा आले नाहीत. मी मागे धावले. ते केळीच्या बुंध्याला टेकून खाली बसलेले, कापलेलं पान मांडीवर, कोयता बाजूला व्यवस्थित ठेवलेला. “उठवत नाहीये गं,” म्हणाले, संकोचून, जणू त्यांच्या हातून काही सांडलंय. त्यांच्या मनगटाखालची नाडी रेंगाळत होती. नितीनने आणि शेजारच्यांनी उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये हृदयाचा आलेख पाहून डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन मागवलं. त्या दोन तासांत मी देवाकडे काय काय मागितलं, आणि बदल्यात काय काय कबूल केलं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

ते वाचले. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडमनी मला घरातली प्रत्येक पुडी, प्रत्येक पाकीट घेऊन बोलावलं. त्यांनी हिंग बाजूला ठेवला, शेवया बाजूला ठेवल्या, आणि ते हिरवं पाकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागे, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं: पोटॅशियम क्लोराइड. सोडियम कमी करून त्याच्या जागी तेच घातलेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या खोक्यांवरचं टिंबही न सोडणारी मी, घरातल्या मिठाच्या पाकिटाची मागची बाजू वाचली नव्हती. ज्या हाताने मी त्यांच्यापुढे साली नाचवल्या, त्याच हाताने मी रोज त्यांच्या ताटलीत ते पेरत होते. लाज वाटली म्हणणं फार थोडं झालं. मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटलं.

मी आप्पांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, मध्येच स्वतःला शिव्या घालत. त्यांनी ऐकून घेतलं. मग सुई टोचलेला हात सावकाश उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. “पण चव आली होती हं,” म्हणाले. आणि मग ते मिस्कील हसू, जे मी महिनाभर पाहिलं नव्हतं. मी रडता रडता हसले आणि पुन्हा रडले. केळ्यांचं मात्र मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते कळलं घरी आल्यावर. मी रजा घेतली होती, म्हणून कामाच्या वारी सकाळी आठला पहिल्यांदाच घरी होते. गेट वाजलं, आणि रविवार सोडून रोज नायगावच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी यमुनामावशी टोपली उतरवून थेट आप्पांच्या खिडकीखालच्या पायरीवर बसली. मला बघून गोंधळली. मी पाणी दिलं, तेव्हा सांगू लागली. पहाटे उपाशी निघते, वाटेत खायला सवड नाही, म्हणून आप्पा रोज खिडकीतून दोन केळी द्यायचे. साली तीच जास्वंदीला घालायची, आप्पांनीच शिकवलेलं.

“आणि आप्पा?” मी विचारलं.

“ते कशाला खातील गो बाय? मना दोन केली द्यायचे नि सोता पानी पियाचे. सुनेचा शब्द हाय, म्हनायचे.”

मी खिडकीकडे पाहिलं. आप्पा आतून दुसरीकडे बघत होते. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही त्यांची रीत, आणि दिल्याचा उच्चार करायचा नाही ही त्याहून जुनी. शेजारीपाजारी, मुलादेखत चोर ठरले, तरी एका बाईच्या उपाशीपणाची साक्ष काढून सुटायचं त्यांच्या मनात आलं नाही. मी पडवीत गेले, लोंबती दोरी हातात घेतली. दुसऱ्या दिवशी तिथे घड टांगला होता.

त्यानंतर आप्पा आणखी तीन हिवाळे होते. पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय घरात काही आलं नाही, आणि न्याहारी पुन्हा अळणी झाली, पण उंबऱ्यातला “माल” पुन्हा येऊ लागला. शेवटी मूत्रपिंडं त्यांच्या गतीने जायची ती गेलीच. एका माघातल्या सकाळी, पानांवरचं दव अजून उतरायचं असताना, आप्पा गेले.

त्यांच्या तेराव्याला पानात सगळं वाढायचं ठरलं, इतकी वर्षं बंद असलेलं सगळं: खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी, वरण, शहाळं, राजेळी केळं. भाजी माझ्याकडे होती. बऱ्याच वेळाने नणंदेने येऊन विचारलं, “वहिनी, बटाटे अजून फोडणीला नाहीत?” मी खाली पाहिलं. सोलून, बारीक चिरून मी ते कोमट पाण्यात भिजत घातले होते. पहिलं पाणी ओतूनही दिलं होतं, आणि दुसऱ्या पाण्याची वाट बघत उभी होते.

अजूनही रविवारी मी पान कापून आणते, इतर दिवशी पडवीतली दोन केळी यमुनामावशीसाठी खिडकीत ठेवते, आणि मिठाच्या डब्याशी माझी चिमूट आपोआप आखडते. घरात आता कुणाला काही वर्ज्य नाही. तरी काळ त्या माणसाला घेऊन गेला आणि त्याचं पथ्य माझ्या हातात विसरून गेला, आणि त्याने ते कधी परत मागायला येऊ नये म्हणून मीही रोज सकाळी ते गुपचूप पाळत राहते.