अप्पांचा पूल

आई गेल्यावरही अप्पांनी तिला गणित सांगणं सोडलं नाही, आणि त्याचा मला राग यायचा.

मळमड्डीतल्या आमच्या घराच्या पडवीत भिंतीवर फळा होता. प्राध्यापकी संपल्यापासून अप्पा रोज संध्याकाळी त्यावर लिहायचे, आणि आई समोरच्या खुर्चीत सूप घेऊन तांदूळ निवडत "हं, मग?" म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. आता खुर्ची रिकामी होती, तरी अप्पा मध्येच थांबून तिच्याकडे वळायचे आणि मगच पुढची ओळ लिहायचे. शेजारच्या कृष्णाबाई म्हणायच्या, "सावरले की गं तुझे अप्पा." कसलं सावरणं! पण निदान दोन घास जेवत तरी होते.

ते एका प्रमेयाच्या मागे लागले होते. चेन कॉम्प्लेक्स म्हणजे गटांची एक रांग. प्रत्येक गटातून पुढच्यात बाण जातो, आणि लागोपाठ दोन बाण चाललं की हाती शून्य येतं. रांगेतल्या प्रत्येकाला कुठं न्यायचं ते सांगणारा नियम म्हणजे मॅप. अशा दोन मॅपमध्ये होमोटॉपी, म्हणजे एक पूल, बांधता आला, तर होमॉलॉजीला, म्हणजे रांगेला बाहेरून जोखणाऱ्या मापाला, ते दोन्ही सारखेच दिसतात. हे पुस्तकातलंच. अप्पांचं म्हणणं होतं की गट परिमित असले तर उलटंही खरं: सारखे दिसले की मध्ये पूल असणारच. त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. तिथं ते हीच सिद्धता मांडणार होते.

मी हुबळीच्या कॉलेजात हाच विषय शिकवायची. सत्काराच्या आधीच्या रविवारी अप्पा सुभाष रोडला खडू आणायला गेले, तेव्हा मी सहज फळ्यासमोर उभी राहिले. एका ओळीत त्यांनी पूल सरळ निवडून टाकला होता. बेसिस, म्हणजे सगळा गट ज्यांतून मोकळेपणी उभा राहतो असे पायाचे घटक, असलेल्या गटांत असं निवडता येतं. जन्मभर तेच शिकवलेलं, हात आपोआप चालला असणार. इथं बेसिसच नव्हता. एखाद्या पोरानं हे लिहिलं असतं तर लाल रेघ ओढून मी मोकळी झाले असते.

सांगावं की गप्प बसावं? त्या फळ्यावरच ते तगून होते. पण भर सभेत कुणी बोट ठेवलं असतं तर? अप्पा आले, आणि मी बोलले.

"अप्पा, प्रत्येक ठिकाणी चार तासांचं घड्याळ घ्या. शून्य, एक, दोन, तीन. बाण म्हणजे दुप्पट करणं."

"दोनदा दुप्पट म्हणजे शून्य. बरं." ते लिहू लागले. "होमॉलॉजी सगळी शून्य. म्हणजे सगळं आहे तसं ठेवणारा मॅप आणि सगळं पुसून टाकणारा मॅप, दोन्ही सारखेच दिसणार."

"आता पूल बांधा की."

खडू थोडा चालला आणि थांबला. पुलाच्या बाजूच्या प्रत्येक पदात बाण होता, म्हणजे दुप्पट होती. बेरीज कायम सम. पलीकडे हवा होता एक, म्हणजे विषम.

"आगंगिल्ल," अप्पा पुटपुटले. "जमत न्हाई." "आहे तसं आणि पुसलेलं, बाहेरनं सारखंच दिसतंय. आणि मध्ये पूल न्हाई. चांगलं काढलीस हो."

मग खुर्चीकडे न बघता त्यांनी फळा पुसला.

सत्काराला गेले, शाल घेतली, दोन शब्द बोलून आले. त्यानंतर खडूला हात लावला नाही. संध्याकाळ झाली की आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, ताट तसंच परत यायचं. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी सुपात तांदूळ घेतले आणि आईच्या खुर्चीत जाऊन बसले.

"अप्पा, सांगा की काहीतरी. मी ऐकायलेय."

ते दारापर्यंत आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ऊठ बाळ तिथनं," ते म्हणाले. "तुला कळतंय."