डाव्या पायाची गाडी

गिऱ्हाईक दारातून आत आलं की फोल्कमार एसरला त्याच्या चालीवरूनच कळायचं, हा कुठली गाडी नेणार. सत्तावीस वर्षं तो स्पोर्ट्स गाड्या विकत होता. त्याआधी तरुणपणी गावाशेजारच्या शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतः पळवल्याही होत्या. शनिवार-रविवारी त्या ट्रॅकवरचा आवाज दुकानाच्या काचेतून आत यायचा, आणि गाडी कुठल्या वळणावर कितव्या गिअरमध्ये आहे हे तो खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

आन्सगार थेलेन फेब्रुवारीत आला तेव्हा लंगडतच आला. छपरांवर दगडी पाट्या बसवण्याचं काम तो पस्तीस वर्षं करत होता. या कामात माणूस उभा कमी आणि गुडघ्यावर जास्त असतो. चोपन्नाव्या वर्षी त्याचा डावा गुडघा पार कामातून गेला होता. ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टर सांगत होते आणि तो दर वर्षी पुढच्या हिवाळ्याचा वायदा करत होता. मुलंबाळं नव्हती. आयुष्यात एकदाच घ्यायची म्हणून दोन माणसांची लाल गाडी घ्यायचं त्याच्या मनात होतं. बरोबर बायको होती, गुद्रुन. तिनं बसायच्या आधीच विषय काढला.

"एसरसाहेब, रविवारी चर्चमध्ये हा गुडघे टेकतो ना, तेव्हा मी याला काखेत हात घालून उठवते. तुम्ही याला ऑटोमॅटिकच द्या. क्लच दाबत बसायचा गुडघा नाही राहिला याचा."

आन्सगारनं मान खाली घातली. फोल्कमारनं शेजारी बसून आन्सगारला दोन्ही गाड्या चालवून बघायला दिल्या. ऑटोमॅटिकमध्ये आन्सगार गप्प बसून चालवत होता, छान आहे, छान आहे म्हणत होता. मग हाताच्या गिअरची गाडी घेतली. चढावर तिसरा टाकला तसा तो पोरासारखा हसला आणि उतरेपर्यंत हसत राहिला. ते हसू पाहिलं आणि फोल्कमारनं मनात ठरवून टाकलं.

त्याचंही कारण होतं. त्या मॉडेलची हाताच्या गिअरची शेवटची एकच गाडी दुकानाच्या वाट्याला आली होती, ती कारखान्यात अजून बनायची होती. पुढच्या वर्षापासून कारखाना सगळ्या ऑटोमॅटिकच काढणार होता. एका वकिलानं ती आधीच मागितली होती, पण त्याला ती झाकून ठेवून दहा वर्षांनी विकायची होती. फोल्कमारनं त्याला गोड बोलून वाटेला लावलं होतं. ही गाडी हातात कसब असलेल्या माणसाच्या घरी गेली पाहिजे, असं त्याला वाटत होतं. आणि आन्सगारचे हात त्याला आवडले होते.

"ऑटोमॅटिक उत्तमच आहे," तो म्हणाला. "गिअर बदलण्यात यंत्र आता तुमच्या-माझ्यापेक्षा चलाख झालंय. फक्त घरी जाऊन सांगू नका, मी गाडी चालवली म्हणून. मी बसलो होतो, असं सांगा."

आन्सगार पुन्हा हसला. गुद्रुन हसली नाही. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिनं पुढे काही बोलणं टाळलं, आणि कागदावर हाताच्या गिअरची गाडी लिहिली गेली.

पुढच्या मंगळवारी दुपारी फोल्कमार टेबलाशी डबा उघडून बसला होता, तेव्हा आन्सगारचा फोन आला. तो अडखळत बोलत होता. घरी पुष्कळ बोलणं झालं होतं. गुद्रुनचं म्हणणं खरंच होतं, काल छपरावरून उतरताना गुडघा दोनदा अडकला होता. तर ती गाडी बदलून ऑटोमॅटिक करता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

करता येत होती. ऑर्डर फोल्कमारच्या समोर पडद्यावर उघडीच होती आणि बदलाची मुदत तिथंच लिहिलेली होती : शुक्रवार, दुपारी बारा. एक बटण दाबायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो वकील आला, गाडीवर घातलेली खोळ आली. शिवाय माणूस घाबरून मागं येतोय याचा त्याला थोडा रागही आला. गाडी आली की महिनाभरात हाच आपले आभार मानेल, असं त्याला मनापासून वाटलं.

"आता नाही हो होत," तो म्हणाला. "कारखान्यानं कालच ऑर्डर बंद केली. एक दिवस आधी फोन केला असतात तर जमलं असतं."

ते शेवटचं वाक्य त्यानं नुसतं खरं वाटावं म्हणून जोडलं होतं.  पलीकडून आन्सगार बरं म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद फोल्कमारला स्पष्ट ऐकू आला. त्यानं डबा पुढे ओढला आणि जेवण संपवलं.

जूनमध्ये गाडी आली. जुलैत आन्सगार मुद्दाम दुकानात येऊन स्वतःच्या झाडाच्या चेरी देऊन गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागले. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाला, गाडीत बसलो की दुखायचं विसरतो. फोल्कमारनं ही गोष्ट दुकानातल्या सगळ्यांना सांगितली.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी दोघं नवरा-बायको मोझेल नदीकडे जेवायला निघाले होते. पठारावरून रस्ता खाली उतरतो तिथं वळणं फार आहेत आणि त्या दिवशी ओल्या पानांचा थर साचला होता. वळणाआधी वेग कमी करायला आन्सगारनं गिअर खाली आणला आणि त्याच क्षणी गुडघ्यात कळ आली. पाय क्लचवरून निसटला. हात चौथ्याऐवजी दुसऱ्यात गेला होता. मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली, गाडी गर्रकन फिरली आणि ओकच्या झाडावर जाऊन आदळली. गुद्रुन बसली होती त्या बाजूनं. हेलिकॉप्टर येईपर्यंत गुद्रुन शुद्धीवर होती, नंतर नव्हती. आन्सगारच्या गळपट्टीचं हाड मोडलं, तेवढंच.

फोल्कमारला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. तपासनिसाचा अहवालही पुढे त्याच्या वाचनात आला. गाडीत दोष नव्हता. त्यानं तो अहवाल दोनदा वाचला आणि पुन्हा पाकिटात घातला. मालक योखेमला त्यानं त्या फोनबद्दल सांगितलं. योखेमनं दार लावून घेतलं आणि म्हणाला की कायद्यानं तू काहीच केलेलं नाहीस, गिऱ्हाइकानं सहीनं घेतलेली गाडी होती, तेव्हा तोंड उघडू नकोस. फोल्कमारला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं याची त्याला नंतर लाज वाटली, पण तोंड त्यानं बंदच ठेवलं.

नोव्हेंबरात विम्यासाठी कागद लागले म्हणून आन्सगार स्वतः आला. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. कागद मिळाले तरी तो उठेना.

"एकच दिवस," तो म्हणाला. "तू म्हणाला होतास. तिनं मला शनिवारी सांगितलं, फोन कर. मी म्हटलं, सोमवारी करतो. सोमवारी दिवसभर छपरावर होतो, फोन खिशात होता. खोटं कशाला बोलू फोल्कमार, मला गिअरचीच हवी होती. म्हणून नाही केला. मंगळवारी केला तेव्हा मनात म्हणत होतो, उशीर झालेला असू दे."

फोल्कमारनं तोंड उघडलं. कॉफी घेतोस का, असं त्यानं विचारलं.

नको म्हणून आन्सगार निघाला. दारापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला, आणि त्या सगळ्या वेळात फोल्कमार जागचा हलला नाही.

हिवाळाभर बातम्या कानावर येत राहिल्या. आन्सगारनं कामावरची माणसं सोडून दिली. शिड्या विकल्या. त्याच्यावर निष्काळजीपणानं मरणाला कारण झाल्याचा खटला उभा राहत होता आणि त्यानं आपल्या वकिलाला सांगून टाकलं होतं की माझी बाजू मांडू नका, माझी बाजू नाही. घरात खालच्या मजल्यावर गुद्रुनची आई राहायची, आपोलोनिया, चौऱ्याऐंशी वर्षांची. पोरीला पुरलं त्या दिवसापासून ती जावयाशी एक अक्षर बोलली नव्हती. रोज दुपारी त्याचं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायची आणि आपलं दार लावून घ्यायची. हे सगळं त्याच्याकडे छपरावर काम केलेली पोरं पेट्रोल भरताना सांगायची. म्हातारीचं म्हणणं असं की यानं फोन केलाच नाही, उशीर झाल्याचं हा नंतर बनवून सांगतोय.

मार्चमध्ये एका रविवारी फोल्कमारनं ऑर्डरचा कागद छापून घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि आन्सगारच्या घरी वरच्या मजल्यावर गेला. वाटेत त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवेना. तिथंच, जोडे काढायच्या जागेत उभं राहून त्यानं कागद पुढे केला.

आन्सगारनं तो खिडकीपाशी नेऊन वाचला.

"शुक्रवार," तो म्हणाला.

"हो."

"बारा वाजता. दुपारी."

"हो. तू मंगळवारी फोन केलास. होत होतं. मी खोटं बोललो."

आन्सगार कागदाकडेच बघत होता. "का?"

गाडी मागणाऱ्या त्या वकिलाचं सांगावं, शेवटच्या गाडीचं सांगावं, असं फोल्कमारच्या मनात आलं. ते सगळं त्याला स्वतःलाच क्षुल्लक वाटलं. "मला वाटलं, तुला नंतर बरं वाटेल," तो म्हणाला.

"वाटलं," आन्सगार म्हणाला. "चार महिने वाटलं."

फोल्कमारला वाटलं होतं की तो आता ओरडेल, कदाचित हात उचलेल. आन्सगारनं तसं काही केलं नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हळूहळू बोलत गेला, समोरच्याला ऐकू जातंय की नाही याची फिकीर नसल्यासारखा. पाच महिने तो स्वतःला शिव्या देत होता, आणि त्याची त्याला सवय झाली होती. सकाळी उठल्यावर काय करायचं हे ठरलेलं होतं. आता तेही हा माणूस घेऊन चालला होता. पूर्ण घेऊन जात असता तर एक वेळ चाललं असतं. पण गाडीत गिअर त्यानंच टाकला होता, पाय त्याचाच निसटला होता.

मग तो कठड्याला धरून उठला. "मला सांगून काय उपयोग. खाली चल. तिला सांग."

खालच्या स्वयंपाकघरात आपोलोनिया बटाटे किसत होती. रविवारी तिच्याकडे बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा गर असायचा. जावयाला दारात बघून तिनं तोंड फिरवलं. त्याच्या मागं परका माणूस बघून किसणी खाली ठेवली. बस म्हणाली नाही. फोल्कमारनं उभ्या उभ्या पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुद्रुन काय म्हणाली ते, आपण काय टोमणा मारला तो, मंगळवारचा फोन, शुक्रवारची मुदत. बसलो होतो असं सांगा, हे वाक्य त्यानं गाळलं नाही. म्हातारीनं पुरतं ऐकून घेतलं.

"तुम्ही स्वतः कसली चालवता?" तिनं विचारलं.

"ऑटोमॅटिक," फोल्कमार म्हणाला. "सहा वर्षं झाली. कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एखादी वस्तू काय आहे ते ओळखू येईना म्हणून बघावं तसं ती बघत होती. मग ती जावयाकडे वळली.

"तू फोन केला होतास."

"केला होता, आई."

"ती म्हणाली तेव्हा नाही केलास."

"नाही."

"पण केलास."

"हो."

तिनं हात फडक्याला पुसले आणि कपाटातून दुसरी ताटली काढून टेबलावर ठेवली. आन्सगार खुर्चीत बसला, आणि बसताना गुडघ्यामुळं त्याच्या तोंडून हलकासा आवाज निघाला. तिनं कढईत तेल घातलं. तिसऱ्या माणसाकडे दोघांपैकी कुणी बघितलं नाही. फोल्कमार थोडा वेळ थांबला, मग त्यानं स्वतःच बाहेरचं दार शोधलं.

खरं सांगून टाकलं की मन हलकं होतं असं तो ऐकून होता. रस्त्यावर आल्यावर त्यानं वाट पाहिली. काही हलकं झालं नाही.

मे महिन्यात खटला चालला. योखेमनं नको म्हणून परोपरीनं सांगितलं, तरी फोल्कमारनं साक्ष दिली आणि त्यानंतर त्याला दुकानात ठेवणं शक्यच नव्हतं. न्यायाधीशबाईंनी साक्ष नोंदवून घेतली. मग शांतपणे सांगितलं की घडलेला प्रकार खेदाचा आहे, परंतु गाडी विकणाऱ्याच्या खोट्यामुळं गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. गुडघ्याची कल्पना त्याला होती. आन्सगारला सहा महिन्यांची कैद झाली, पण स्थगित ठेवलेली, म्हणजे तुरुंगात जायचं नव्हतं. तो हो म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर म्हातारीनं आन्सगारचा दंड धरला, की आन्सगारनं तिचा, ते लांबून कळत नव्हतं. दोघं फार सावकाश चालत होती. फोल्कमार भिंतीशी उभा होता. म्हातारीनं त्याच्याकडे बघून मान किंचित हलवली, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला बघून हलवावी तशी. आन्सगारनं मान वर केली नाही. तो त्याच्याशी पुढे कधीच बोलला नाही, आणि फोल्कमारनं लिहिलेली दोन पत्रं न फोडताच परत आली.