सोमवारचा शर्ट

रविवारी सकाळी मी मुलाचा ऑफिसचा शर्ट इस्त्री करून दारामागे टांगला. दुपारी एका हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. आईने असं करू नये हे मला कळत होतं, पण हात आपला चालतच राहिला.

त्याला घरात सगळे ठोक्या म्हणतात. लहानपणी ताट, दार, बापाचं टक्कल, काहीही वाजवायचा. पुढे चांगली नोकरी लागली, तर वर्षभरापूर्वी ती सोडून डीजे झाला. नुसती दुसऱ्यांची गाणी लावणारा नव्हे, कॉम्प्युटरवर स्वतःची बनवणारा. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलाय, असं मी रोज ऐकवायचे. शेवटी बापलेकात ठरलं: आज हॉलच्या मालकिणीने दर शनिवारचं काम दिलं तर ठीक, नाहीतर सोमवारी जुन्या ऑफिसात हजर.

आम्ही दोघं नवराबायको मागे भिंतीला टेकून उभे होतो. पोरं नाचत होती, मालकीण हाताची घडी घालून बघत होती. ठोक्याने वर्षभर घासलेलं गाणं लावलं. घरी हेडफोन माझ्या कानांवर चढवून त्याने ते इतक्यांदा ऐकवलं होतं की मला पाठ झालं होतं. आता तो गोड सूर येणार, म्हणून मी वाट बघत राहिले.

सूर आलाच नाही! नुसते ठोके. नाचणारे रेंगाळले, काहीजण पाणी प्यायला निघाले. ठोक्याचा चेहरा पांढराफटक पडला. दारामागचा शर्ट आठवला आणि मला स्वतःचाच राग आला.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी डीजे आहे का?"

तेवढ्यात ठोक्याने उरलेले आवाजही एकेक करून बंद केले. शेवटी राहिलं फक्त ठप, फुस्स. ठप, फुस्स. अगं बाई, ही तर माझी इस्त्री! आमच्या लाँड्रीच्या दुकानात टेबलावर आपटते ती, आणि मागून सुटते ती वाफ. मेल्याने कधी रेकॉर्ड केली कोण जाणे. सुराखाली दबलेली, म्हणून घरी मला ओळखूच आली नव्हती. तेवढाच तुकडा त्याने फिरवत ठेवला, वाफ लांबवली, हळूच वेग वाढवला. पाण्याला गेलेले परत आले. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला आणि सगळा हॉल त्यात सामील झाला. ह्यांचा पायसुद्धा हलत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सामान आवरताना ठोक्याने कपाळावर हात मारला. "सूर ऐसपैस वाटावा म्हणून एका कानात सरळ ठेवला होता, दुसऱ्यात त्याचीच लाट उलटी करून. इथले स्पीकर दोन्ही एकत्र करतात. सरळ आणि उलटा मिळून शून्य!"

"मग आधी एकत्र करून ऐकायचं नाही?"

"इतका आवडला होता गं, की तपासावासाच वाटला नाही."

मालकीण आली. "शनिवारपासून या," ती म्हणाली. "आणि ते वाफेचं नक्की वाजवा."

घरी आल्यावर ठोक्याने दार लावलं आणि शर्ट समोर आला. त्याने त्याची कडक कॉलर चाचपली.

"आई, हा सोमवारसाठी होता ना?"

"शनिवारसाठी," मी ठणकावलं. "चार लोकांपुढे उभं राहायचं तर इस्त्रीचा नको?"

"अगं, पण हा तर त्याचा ऑफिसचा," हे म्हणाले.

"मग? आता तेच त्याचं ऑफिस."