वन्संच्या इंग्रजीचं अस्तर

कुणी शिडीवर चढायला लागलं की आमच्या वन्सं खालून म्हणायच्या, "ब्रेक अ लेग." अगदी प्रेमाने म्हणायच्या. त्यांच्या मते त्याचा अर्थ 'सांभाळून चढ' असा होता. शिडीवर चढणारे बहुधा आमचे हे असत, म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. ते दर वेळी दोन्ही पाय शाबूत ठेवून खाली उतरले, त्यामुळे तो अर्थ चुकीचा आहे असं वाटायला कुणाला जागाच नव्हती.

आमचा पडद्यांचा कारखाना आहे. खिडक्यांचे नव्हेत, रंगमंचाचे. थोरल्या जाऊबाई कापतात, मी शिवते, हे जाऊन टांगून येतात आणि थोरले भाऊजी सगळ्यांवर ओरडतात. तेही काम कुणीतरी करायलाच हवं. कापायची खोली म्हणजे नुसती मोकळी जमीन. तिच्यावर कापड पसरायचं आणि पायमोजे घालून त्याच्यावरून चालायचं. सासरे गेले, पण त्यांनी घालून दिलेली एक पद्धत आम्ही मोडत नाही. गिऱ्हाइकाने आपला जुना पडदा स्वतःच्या हाताने एकदा ओढून दाखवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. ते म्हणायचे, तोंड राजेशाही मागतं, झेपतं किती ते हात सांगतो.

फोन वन्संकडे. लग्न मोडून त्या परत आल्या तेव्हा भाऊजींनी त्यांना दाराजवळचं टेबल दिलं, त्यावर फोन ठेवला आणि म्हणाले, "घे मॅडम, सांभाळ." तेव्हापासून अख्खा कारखाना त्यांना मॅडम म्हणतो. सासरी जेवायच्या टेबलावर त्यांच्या इंग्रजीला हसायचे. अशा वेळी एखादी बाई बोलणं सोडून देते. वन्संनी नवरा सोडला, इंग्रजी नाही. त्या टेबलाशी बसून फोन उचलताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मी मशीनवरून मान वर करून बघायची.

इंग्रजीतले शब्दप्रयोग त्या कापडासारखे निवडायच्या. ऐकायला भारदस्त, पडायला झोकदार, की घेतलाच. आतून अस्तर कसलं लावलंय ते उलटून बघायचं त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. गिऱ्हाईक काळजीत दिसलं की म्हणायच्या, "आय कुडन्ट केअर लेस अबाउट युवर कर्टन." मोठी ऑर्डर आली की, "बाय अँड लार्ज, सर, बाय अँड लार्ज." बऱ्याच गिऱ्हाइकांचं इंग्रजी आमच्याच मापाचं होतं. ती खूश होऊन जायची.

मग त्या अध्यक्षबाई आल्या.

एक जुनं नाट्यगृह, बरीच वर्षं बंद पडायच्या बेतात असलेलं, नव्याने उघडणार होतं. त्याच्या समितीच्या या अध्यक्ष. करड्या केसांच्या, बुटक्या, खांद्याला मोठी पिशवी. इतकं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. भाऊजींनी शर्ट बदलला. अध्यक्षबाईंनी पिशवीतून नाट्यगृहाचे फोटो काढून टेबलावर मांडले. उंच छत, कोरीव सज्जे, लाकडी खुर्च्यांच्या रांगा. वन्सं बघतच राहिल्या आणि त्यांच्या इंग्रजीतलं सगळ्यात भारी कापड त्यांनी खाली काढलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "युवर थिएटर इज अ व्हाइट एलिफंट."

माझा पाय मशीनवरून उचलला गेला, पण शब्द गेला तो गेला.

अध्यक्षबाईंनी फोटो गोळा केले. आवाज चढवला नाही. "हे मी समितीत रोज ऐकते," त्या म्हणाल्या. "बाहेर येऊन पुन्हा ऐकायचं नव्हतं. दोन कारखान्यांकडून एकेक पल्ला, म्हणजे अर्धा पडदा, टाचून मागवलाय. त्यातलं एक नाव तुमचं आहे, म्हणून आणा. मापं माणसाबरोबर पाठवते." आणि गेल्या. जुना पडदा ओढून दाखवा म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

भाऊजींना शब्द कळला नव्हता, पाठमोरं गिऱ्हाईक मात्र कळलं. "काय बोललीस तू तिला?"

"कौतुक केलं."

"कौतुकाने माणसं निघून जातात होय? बघ मॅडम, हे काम हातचं गेलं तर या टेबलावर दुसरं कुणी बसेल. मग तू मोठ्या वहिनीला कापड धरायला." असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि वायर ओढत आपल्या टेबलावर नेऊन ठेवला.

रिकाम्या टेबलावर फोनच्या जागी धुळीचा चौकोन उमटला होता, त्याच्याकडे वन्सं बघत बसल्या. मापं आली त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तशा माझ्याजवळ आल्या. माझं इंग्रजी शाळेतलं नाही. मशीनच्या माहितीपुस्तकांवरून, टीव्हीवर चित्राखाली पळणाऱ्या ओळींवरून आणि जाडजूड डिक्शनरीवरून गोळा केलेलं आहे. हे त्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, काय अर्थ होतो गं त्याचा?"

"पोसायला जड आणि उपयोग काही नाही, अशी वस्तू. ठेवताही येत नाही, टाकताही येत नाही."

"म्हणजे आपला पांढरा हत्ती?"

"तोच की. मराठीत रोज पेपरात असतो."

"मराठीतला माहितीये मला. मला वाटलं इंग्रजीतला हत्ती निराळा असेल."

मला हसू आवरेना. त्यांनाही. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "बिचारीच्या तोंडावर म्हणाले मी. आणखी कुठले कुठले चुकीचे आहेत ते सांग."

"वन्सं, जाऊ द्या ना."

"सांग म्हणते ना."

मी सांगितलं. 'कुडन्ट केअर लेस' म्हणजे मला तुमचं काडीचं सोयरसुतक नाही. त्या उसळल्या. "अगं, याहून कमी काळजी मी करूच शकत नाही, म्हणजे भरपूर काळजी नाही का? सरळ हिशेब आहे."

"हिशेब सरळ आहे वन्सं, बोलणारे वाकडे आहेत."

'बाय अँड लार्ज'चा मोठ्या मापाशी संबंध नाही, त्याचा अर्थ एकंदरीत, असं सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. तो त्यांचा आवडता होता. 'ब्रेक अ लेग' मात्र मी शेवटी ठेवला. "ते शुभेच्छांचंच आहे, पण शिडीवरच्या माणसासाठी नाही. रंगमंचावर जायला निघालेल्याला म्हणतात. शुभ बोललं तर दृष्ट लागेल म्हणून मुद्दाम उलटं."

"म्हणजे मी तुझ्या नवऱ्याला इतकी वर्षं पाय मोड म्हणतेय?"

"त्यांनी मनावर घेतलं नाही."

"तुला सगळं माहीत होतं आणि तू गप्प?"

"फोनवर बोलताना तुम्ही फार छान दिसता."

त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग पदराने डोळे पुसून कापायच्या खोलीत बघितलं. भाऊजींनी जाड वाइन रंगाची मखमल आणून ठेवली होती, दुहेरी अस्तराची. संध्याकाळी कात्री लागणार होती.

"ओढून बघितलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"भाऊजी म्हणतात, मापं आलीयेत."

"मापं म्हणजे हात नव्हे. चल, चप्पल घाल."

नाट्यगृहात अध्यक्षबाई एकट्याच होत्या. हातात फडकं घेऊन पहिल्या रांगेच्या खुर्च्या पुसत होत्या. आम्हाला बघून फडकं थांबलं.

"मी त्या दिवशी तुम्हाला एक शब्द बोलले," वन्सं म्हणाल्या, सरळ मराठीत. "मला वाटलं त्याचा अर्थ भव्य, दुर्मिळ. खरा अर्थ आज कळला. फोटो बघून मला इतकं आवडलं होतं की माझ्याकडचा सगळ्यात मोठा शब्द मी काढला. तो नेमका उलटा निघाला. माझं चुकलं."

अध्यक्षबाई खुर्चीच्या हातावर टेकल्या. "म्हणजे तुम्ही स्तुती करत होता?"

"जीव तोडून."

त्या कितीतरी वेळ हसल्या. ओस हॉलमध्ये ते हसणं छतापर्यंत जाऊन परत आलं. "समितीतल्या लोकांना अर्थ बरोबर माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "तीच तर अडचण आहे."

"आता एक विनंती. जुना पडदा एकदा ओढून दाखवा."

"मी? मापं दिली ना?"

"तुम्हीच. आमच्याकडे पद्धत आहे."

त्या विंगेत गेल्या. डाव्या बाजूला दोर होता, तो ओढला की पडदा मधून दोन्हीकडे फाकायचा. त्यांनी उजवा हात वर केला आणि तो खांद्याच्या वर गेलाच नाही. छातीपाशी धरून आखूड ओढ दिली, थांबल्या, पुन्हा ओढ. दर थांब्याला पडदा झुलत होता, कप्पी कुरकुरत होती. अर्ध्यावर त्या दम घ्यायला थांबल्या.

"खांदा कधीपासून?" वन्संनी विचारलं.

"झाली काही वर्षं."

"आणि दोर ओढतं कोण?"

"मीच. स्वागताचं भाषण करायचं, टाळ्या वाजेपर्यंत धावत आत यायचं आणि ओढायचं. समितीला वाटतं इथे माणूस आहे."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. त्या हातात दुहेरी अस्तराची मखमल म्हणजे सुरुवात व्हायच्या आधीच प्रयोग रद्द.

कारखान्यात परत आलो तेव्हा भाऊजी कात्री हातात घेऊन उभे होते. वन्संनी मोजे घातले, सरळ मखमलीवरून चालत गेल्या आणि मधोमध मांडी घालून बसल्या.

"ऊठ तिथून."

"नाही उठत. बाबांची पद्धत मोडायची असेल तर मला धरून काप."

मग सांगितलं त्यांनी, हात कुठवर जातो, ओढ कशी तुटते, पडदा कसा झुलतो. भाऊजी ओरडायला तोंड उघडून तसेच राहिले. बोलल्या जाऊबाई. "वरच्या फळीवर ती हलकी विणीची मखमल आहे. अस्तर एकेरी, काळं, उजेड आत येणार नाही. आणि वजनाची साखळी खालच्या पूर्ण दुमडीत नको घालायला. फक्त मधल्या कडेला घालू, म्हणजे ओढ थांबली तरी पडदा झुलणार नाही."

"गरीब दिसेल," भाऊजी म्हणाले.

"चुण्या दाट घालते," मी म्हटलं. "दिसणं माझ्याकडे."

त्यांनी बहिणीकडे बघितलं. "काम गेलं तर?"

"तर मी कापड धरीन," वन्सं म्हणाल्या. "कुरकुर न करता."

चाचणीच्या दिवशी समिती तिसऱ्या रांगेत बसली होती. एका बाजूला दुसऱ्या कारखान्याचा पल्ला, गर्द लाल, सोनेरी झालर, खाली जड साखळी. बघून समितीतले एक गृहस्थ 'वा' म्हणाले. दुसऱ्या बाजूला आमचा. "हा जरा अंगाने बारीक वाटतो," तेच गृहस्थ म्हणाले. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी वरचे कोरीव सज्जे बघायला लागले.

वन्सं उभ्या राहिल्या. मला भीती, आता कुठला शब्दप्रयोग येतो.

"आमच्याकडे पडदा नुसता बघत नाहीत," त्या म्हणाल्या. "ज्याचा त्याने ओढायचा असतो. बाई, दोन्ही ओढता का?"

अध्यक्षबाई विंगेत गेल्या. आधी लाल, एका वेळी एकच पल्ला दोराला जोडलेला. दोर ताणला गेला, पडदा हलला, थांबला, झुलला. पुन्हा हलला. झालर थरथरत होती. निम्म्यावर तो असा अडकला की आतून त्यांचा श्वास ऐकू आला.

"अहो, कुणाला तरी बोलवा ना ओढायला," ते गृहस्थ म्हणाले.

विंगेतून आवाज आला, "कुणाला बोलवू? इतकी वर्षं मीच ओढतेय."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

मग आमचा. दोर छातीपाशी धरलेला, ओढ तीच आखूड. पल्ला सरकला. त्या थांबल्या तिथे तो उभा राहिला, सरळ, जरासुद्धा न झुलता. पुन्हा ओढ, पुन्हा सरकला, चुण्या एकावर एक मिटत कडेपर्यंत गेल्या. मग पडदा आपणहून परत यायला लागला. अध्यक्षबाई तो मिटत होत्या. मग पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं त्यांचं चाललं होतं, आणि आत त्या हसत होत्या हे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

"हाच," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. समितीला विचारलं नाही, सांगितलं.

कारखान्यात शिरल्यावर भाऊजींनी आपल्या टेबलावरचा फोन उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला, वायर ओढत दाराजवळ नेला आणि धुळीच्या त्याच चौकोनात ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "वाजला तर बघ."

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. हे, जाऊबाई आणि भाऊजी पहिल्या रांगेत. मी आणि वन्सं विंगेत, कारण अध्यक्षबाईंनी बोलावलं होतं. त्या भाषणाचा कागद मुठीत चुरगाळत उभ्या होत्या, रंगमंचावर पाऊल टाकायच्या बेतात. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "इथे चालतं का गं ते?"

"इथेच चालतं."

त्या ताठ झाल्या, पदर नीट केला. "बाई," त्या म्हणाल्या, "ब्रेक अ लेग."

"पाय राहू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या, "खांदा आधीच गेलाय. आज मी धावत आत येणार नाही. दोर तुम्ही ओढा." आणि दोर वन्संच्या हातात देऊन पडद्यापुढे गेल्या.

भाषण संपलं, दिवे मंदावले. वन्संनी दोर ओढला. एकाच लांब ओढीत पडदा मधून उघडला आणि रंगमंचावरचा उजेड आमच्या अंगावर आला. अजून एकही नट आलेला नव्हता. टाळ्या कधी वाजवायच्या असतात हे भाऊजींना कुणी शिकवलं नव्हतं. ते पहिल्या रांगेत उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात वाजवायला लागले. मागचे दोघेतिघे चपापले. मग त्यांनीही वाजवल्या, मग सज्ज्यांतून, मग अख्ख्या हॉलने. पहिला नट आला तो त्या गजरात येऊन क्षणभर बावचळून उभाच राहिला.

वन्संनी दोर सोडला नव्हता.