खुराड्यातली विजेरी

मित्रांनो, मी एक जुनी, अंगठ्याएवढी विजेरी आहे. माझं घर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दुपारची कॉफी संपेपर्यंत दिवस मावळतो. माझे मालक रायमोकाका मला सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि तिन्हीसांजेला खुराड्यात नेत. कोंबड्या दांडीवर बसल्या का, कोणी आजारी तर नाही, हे माझ्या मिणमिणत्या उजेडात पाहत. त्या खिशाला तंबाखूचा आणि दाण्याचा वास यायचा. तो मला अजून आठवतो.

गेल्या पानगळीत काका वारले. मी खिडकीत पडून राहिले, ओल लागून माझं सर्किट गेलं. शेवटी त्यांच्या पत्नीने, लेम्पीकाकूंनी, मला शेजारच्या कर्टिसकडे नेलं. विजेऱ्या उघडून त्यांचा उजेड वाढवायचा, हा त्याचा नाद.

"नवी घ्या ना, काकू."

"नवी काय रे, पैशाला पासरी मिळते. मला हीच पेटलेली बघायचीय."

कर्टिसने माझ्या सर्किटच्या चकतीवरचं निकामी सामान उपटलं. बॅटरीतली वीज बेताने दिव्याला देणारी नवी चकती त्याने स्वतः बनवली होती, पण ती जुनीवर ठेवली की आत मावेना. मग तो जुनी चकती कानशीने घासू लागला. जरा जास्त घासली, तर कडेचं वीज वाहणारं तांबं जाणार आणि मी कायमची आंधळी होणार! माझा जीव टांगणीला लागला. तो थोडं घासे, फुंकर मारी, बसवून पाही. अखेर नवी चकती जुनीवर बसली, सोल्डर लागलं आणि मी पेटले.

"काकू, समोरच्या टेकडीपर्यंत जातो उजेड!"

त्या संध्याकाळी खुराड्यात मी पेटले मात्र, कोंबड्यांनी आकांत मांडला. धडाधड भिंतींवर आपटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा कर्टिसच्या दारात.

"कोंबड्या टेकडीवर बसत नाहीत रे बाबा. हाताच्या अंतरावर बसतात."

"पण केवढी ताकद आहे हिच्यात!"

"असू दे की. तुझ्या रायमोकाकांच्या अंगातही होती. ते कधी ओरडले कोंबड्यांवर?"

कर्टिसचं तोंड एवढंसं झालं. तो उजेड उतरवत गेला. काकू "अजून, अजून" म्हणत राहिल्या. अखेर उजेड पूर्वीसारखा मिणमिणता झाला. त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा, पण ती कोणाच्या कामाची होती ते आधी विचारा. आता मी काकूंच्या कोटात असते. सुखात आहे, तरी जुना खिसा आठवतो. त्याला इलाज नाही. काल कोंबड्या दांडीवर निवांत होत्या. काकू मला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अंधाराकडे बघून म्हणाल्या, "अहो, सगळ्या नीट झोपल्यात."

मला बोलता येत नाही. मी नुसती जळत राहिले.